हिवाळ्यातल्या ब्लूग्रास जॅमला पहिल्यांदा जाताना

बॉस्टनच्या परिसरात डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारपर्यंत अंधार पडतो आणि तिथून मार्चपर्यंत माणसे घराबाहेर पडायला निमित्त शोधत असतात. ग्रंथालयाचे तळघर, चर्चचे सभागृह किंवा बिअर गाळणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्याचा कोपरा अशा जागी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरणारा ब्लूग्रास या अमेरिकी लोकबाजाच्या संगीताचा जॅम, म्हणजे एकत्र बसून वाजवण्याची बैठक, हे असेच एक निमित्त आहे. गिटार, बँजो, मँडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि उभा बास (खर्ज धरणारे मोठे तंतुवाद्य) घेऊन दहा-पंधरा माणसे गोल करून बसतात. तिकीट नसते, श्रोते जवळजवळ नसतात आणि ज्याला यायचे त्याने यावे असा रिवाज असतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ही एक घरगुती मैफल असेल अशी माझी समजूत होती, पण प्रत्यक्षात ती आपल्या भजनी मंडळाच्या जवळची गोष्ट निघाली. गाणे एकाचे असते, ते धरतात सगळे, आणि नियम कोणी लिहून दिलेले नसले तरी मोडले की खोलीतल्या प्रत्येकाला कळते. ते नियम आणि कडाक्याच्या थंडीत लाकडी वाद्य घेऊन बाहेर पडताना घ्यायची काळजी, या दोन्ही गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर माझी पहिली दोन वर्षे सोपी गेली असती.

नवशिक्याने सुरुवात हिवाळ्यातच करावी असे माझे मत आहे. उन्हाळ्यात या संगीताचा सगळा जीव मोकळ्या मैदानांवरच्या महोत्सवांत असतो. १९६५ साली व्हर्जिनियातल्या फिन्कॅसल गावाजवळ घोड्यांच्या एका फार्मवर पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरला. पुढे अशा महोत्सवांतून तंबू ठोकून रात्र रात्र वाजवत बसण्याची पद्धत रुजली आणि मुरलेले वादक उन्हाळाभर तिकडेच असतात. थंडीत मात्र तीच माणसे गावातल्या गावात, एका छताखाली, आठवड्यामागून आठवडा भेटतात. चेहरे ओळखीचे होतात, तीच वीस-पंचवीस गाणी पुन्हा पुन्हा येतात, आणि नोव्हेंबरात ज्या गाण्यात आपण हरवलो होतो ते फेब्रुवारीत हाताखालून आपोआप निघते.

थोडा इतिहास माहीत असला तर जॅममधली वागणूक समजायला मदत होते. केंटकीतल्या रोझीन गावचा मँडोलिनवादक बिल मन्रो याने आपल्या राज्याच्या टोपणनावावरून वाद्यवृंदाला ‘ब्लू ग्रास बॉईज’ हे नाव दिले आणि १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या डिसेंबरात तीन बोटांनी बँजो वाजवणारा एर्ल स्क्रग्ज त्याच्याकडे आला आणि जो बाज तयार झाला त्याला पुढे वृंदाचेच नाव चिकटले. बॉस्टनकरांच्या कानांवर हे संगीत पडले ते वेस्ट व्हर्जिनियाहून आलेल्या लिली बंधूंमुळे आणि त्यांच्याबरोबरच्या डॉन स्टोव्हर या बँजोवादकामुळे. १९५२ पासून सुमारे अठरा वर्षे ते शहरातल्या ‘हिलबिली रँच’ या बारमध्ये वाजवत असत. आज कुठल्याही तळघरातल्या जॅममध्ये प्रत्येक वाद्याने काय करायचे, कधी पुढे यायचे आणि कधी मागे सरायचे, हे ठरते ते मन्रोच्या त्या पाच जणांच्या वृंदावरूनच. फरक इतकाच की तिथे एक गिटार होती आणि इथे सात असतात. जॅमचे बहुतेक नियम या सात गिटारींमुळे निर्माण झाले आहेत.

आधी चौकशी करावी

स्थानिक ब्लूग्रास संघटनांच्या दिनदर्शिका, वाद्यांची दुकाने आणि ग्रंथालयांचे सूचनाफलक यांवरून जॅमचा पत्ता लागतो, पण निघण्यापूर्वी आयोजकाला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न हा की जॅम नक्की कसला आहे. ‘ओल्ड टाइम’ जॅममध्ये सगळे मिळून एकच धून वाजवतात, ती दहा-दहा मिनिटे घोळवतात, आणि बँजोच्या तारा सारख्या बदलून लावाव्या लागू नयेत म्हणून तासभर एकाच पट्टीत राहतात. आयरिश सेशनमध्ये दोन-तीन धुना एकमेकींना जोडून सलग वाजवल्या जातात. या दोन्ही ठिकाणी एकट्याने पुढे येऊन वाजवण्याची प्रथा नाही. ब्लूग्रासमध्ये गाणी जास्त असतात आणि दोन कडव्यांच्या मध्ये एकेक वादक आळीपाळीने एकल वाजवतो, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात. जाहिरातीत ‘स्लो जॅम’ असे लिहिले असेल तर ते आपल्यासाठीच आहे असे समजून बिनदिक्कत जावे.

दुसरा प्रश्न बर्फाचा. वादळाच्या दिवशी जॅम रद्द होतो की नाही आणि ते कोण कळवते, हे विचारून ठेवावे. शहराने बर्फाची आणीबाणी जाहीर केली की मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करता येत नाही, आणि कडेला उभी केलेली गाडी उचलून नेली तर ती सोडवायला लागणाऱ्या पैशांत एक बरे मँडोलिन येईल.

सा, म आणि प

आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेले नसल्याचा एक उगाचच न्यूनगंड असतो. ज्याने लहानपणी हार्मोनियमवर चार अलंकार वाजवले आहेत, त्याला जॅममधली भाषा अर्ध्या तासात समजू शकते. कोणी ‘जी’ म्हणाले की पांढरी पाच. सी म्हणजे पांढरी एक, डी म्हणजे पांढरी दोन, ई म्हणजे पांढरी तीन, ए म्हणजे पांढरी सहा आणि बी म्हणजे पांढरी सात. एफ, म्हणजे पांढरी चार, तुलनेने कमी ऐकू येते. त्या पट्टीचा सा एकदा धरला की पुढचे सगळे आकड्यांत बोलले जाते: वन, फोर, फाइव्ह. वन म्हणजे सा-ग-प, फोर म्हणजे म-ध-सां आणि फाइव्ह म्हणजे प-नी-रें. या तीन कॉर्ड्समध्ये, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांमध्ये, मिळून सप्तकातले सातही शुद्ध स्वर येऊन जातात, आणि म्हणूनच ब्लूग्रासमधली शेकडो गाणी एवढ्यावर निभावतात.

अडते ते वेगळ्याच जागी. आपला सा तानपुऱ्यात ठाण मांडून बसलेला असतो आणि गाणे त्याच्याभोवती फिरते, तर इथे सुराखालची जमीन मधूनमधून सरकते. गायकाने प लांबवला आहे आणि खाली कधी सा-ग-प आहे तर कधी प-नी-रें, हे कानाला सुरुवातीला जाणवतच नाही. यासाठी घरी एक अभ्यास करावा. एखादे सोपे ध्वनिमुद्रण लावावे, हार्मोनियमवर त्याचा सा शोधावा आणि प्रत्येक ओळीखाली फक्त सा, म किंवा प यांपैकी एक सूर दाबून धरून पाहावा. जो खटकणार नाही तो त्या जागेचा पाया असतो. आठवडाभर रोज पंधरा मिनिटे हे केले की पुढची कॉर्ड कुठे येणार याची चाहूल लागू लागते. अपवादही असेच सापडतात. ‘ओल्ड जो क्लार्क’ ही जुनी लोकधून साधारणपणे ए मध्ये, म्हणजे पांढरी सहामध्ये, वाजवतात आणि तिच्यात मधेच जी ची कॉर्ड येते. कारण धुनेत कोमल निषाद लागतो आणि ती कॉर्ड त्या कोमल निषादावरच उभी आहे. खमाज ऐकलेल्या कानाला ती जागा कोणी दाखवून द्यावी लागत नाही.

तालाचे मात्र उलट आहे. आपला हात समेवर पडायला शिकलेला असतो. इथे चार मात्रांपैकी पहिली आणि तिसरी बासच्या ताब्यात असते आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मँडोलिन तारा दाबून लगेच सोडत ‘चॉप’ असा कोरडा आघात करते. गिटार अंगठ्याकडच्या तारेने बासला आणि झणकाऱ्याने मँडोलिनला साथ देते. टाळी द्यायचीच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यावी. पहिल्या मात्रेवर जोरात टाळी देणारा माणूस कितीही आनंदात असला तरी मँडोलिनवाल्याच्या कपाळावर आठी उमटवतो. तबला किंवा ढोलकी नेण्याचा मोह याच कारणासाठी आवरावा. तालाची जागा आधीच तीन वाद्यांनी वाटून घेतलेली आहे. चमचे आणि खंजिरी घेऊन येणाऱ्या स्थानिक मंडळींचेही तिथे फारसे प्रेमाने स्वागत होत नाही, तेव्हा यात परकेपणाचा काही संबंध नाही.

वाद्य आणि थंडी

लोकांना वाटते की वाद्याचा शत्रू गारठा आहे, पण खरा शत्रू कोरडेपणा आहे. बाहेर उणे सात अंश सेल्सियसची, बाष्पाने पूर्ण भरलेली हवा जरी घरात घेतली आणि हीटरने २१ अंशांपर्यंत तापवली, तरी तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास येते. गिटार बनवणारे कारखाने ४५ ते ५५ टक्के सांभाळा असे सांगतात. कोकणात पावसाळ्यात तबल्याची पुडी सैल पडते म्हणून धडपडणाऱ्या माणसांना हा प्रश्न नेमका उलट्या टोकाचा असल्याने सुचतच नाही.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी गिटार दिवाणखान्यात, हाताशी असावी म्हणून, हीटरजवळच्या भिंतीला टेकवून ठेवत असे. जानेवारीत एका संध्याकाळी गिटारच्या मानेवरून हात फिरवताना फ्रेटची, म्हणजे तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके बोटाला टोचली आणि मला वाटले की ती आधीपासूनच तशी असावीत. खरे तर लाकूड आकसले होते आणि धातू तेवढाच राहिला होता, म्हणून टोके बाहेर आली होती. वाद्याने दिलेली ही पहिली सूचना मी ऐकली नाही. पुढच्या आठवड्यात तारा खाली बसून किणकिणू लागल्या आणि त्यानंतर एका सकाळी घोडीपासून खालच्या कडेपर्यंत केसाएवढी बारीक चीर दिसली. दुरुस्तीला गिटारच्या निम्म्या किमतीएवढे पैसे गेले, आणि कारागिराने चीर बुजवून दिली तरी उजेडात तिरकी धरली की ती अजून दिसते.

म्हणून दहा-पंधरा डॉलरचे आर्द्रतामापक घेऊन वाद्याच्या पेटीत ठेवावे आणि वाजवून झाले की वाद्य पेटीत ठेवून झाकण लावण्याची सवय करावी. पेटीत आर्द्रता राखणाऱ्या पुड्या मिळतात. त्या नको असतील तर भोके असलेल्या प्लास्टिकच्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवला तरी चालते, मात्र त्यातून थेंब गळता कामा नये आणि दर तीन-चार दिवसांनी तो पुन्हा ओला करण्याचे विसरता कामा नये. पहिल्या हिवाळ्यासाठी गिटार विकत घ्यायची असेल तर मी प्लायची, म्हणजे थरांच्या लाकडाची, घ्या असे सांगेन. तिचा आवाज अस्सल लाकडाएवढा खुलत नाही, पण ती कोरडी हवा निमूटपणे सोसते आणि सात गिटारींच्या गोलात तो फरक कोणाला ऐकूही येत नाही. काही सार्वजनिक ग्रंथालये पुस्तकांप्रमाणे वाद्येही उसनी देतात, त्याचीही चौकशी करून पाहावी.

प्रवासात वाद्य डिकीत न ठेवता माणसांच्या बरोबर आत ठेवावे आणि वाटेत दुकानात थांबायचे असेल तर ते सोबत न्यावे. सभागृहात शिरल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. बाहेरून आत आल्यावर आपल्या चष्म्यावर जे धुके बसते तेच गार वाद्यावर बसते, आणि एकदम तापल्याने त्यावरच्या लाखेला बारीक तडे जाऊ शकतात. पेटी दारापासून आणि हीटरपासून दूर, बंद ठेवून, अर्धा तास तशीच राहू द्यावी. एवढ्या वेळात बूट बदलावेत, कारण बर्फाचे बूट घालून पायाने ठेका धरता येत नाही आणि वितळलेल्या पाण्याचे तळे शेजाऱ्याच्या पेटीखाली जाते. गरम पेल्याभोवती हात धरून बोटे सैल करावीत आणि लोकांची नावे विचारून घ्यावीत. वाद्य बाहेर काढल्यावर एकदा लावावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावावे, कारण गार तारा तापल्या की सैल पडतात आणि सूर उतरतो. खुंटीपाशी लावायचे चिमट्यासारखे ट्यूनर यासाठी उत्तम असते. ते कंपनांवरून सूर ओळखत असल्याने गोंगाटातही चालते आणि इतरांना त्रास होत नाही.

गोलात बसल्यावर

पहिल्या दिवशी आतल्या गोलात जागा असली तरी बाहेरच्या ओळीत बसावे. जागा निवडताना मात्र विचार करावा: चांगल्या गिटारवाल्याचा डावा हात जिथून स्पष्ट दिसेल, तिथे बसावे. जी, सी आणि डी या तीन कॉर्ड्सचे आकार नुसते पाहून ओळखता आले की अनोळखी गाण्यातही साथ देता येते. बँजोवाल्याच्या किंवा मँडोलिनवाल्याच्या हातावरून हे कळणे कठीण असते. ज्याचा हात पाहणार आहोत त्याने कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा, कितव्या फ्रेटवर लावला आहे तेही पाहावे आणि आपलाही तिथेच लावावा. जी चेच आकार दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवले की ए पट्टी होते आणि चौथ्या फ्रेटवर बी. पट्टी बदलली तरी डाव्या हाताला नवे काही शिकावे लागत नाही, आणि बोटे आधीच आखडलेली असतात अशा दिवसांत ही सोय फार मोठी वाटते.

गाण्याचा क्रम साधारण असा चालतो. ज्याची पाळी असेल तो गाण्याचे नाव आणि पट्टी सांगतो, वेगळी कॉर्ड असेल तर तिचा इशारा देतो आणि कोणीतरी प्रास्ताविक वाजवते. मग एक कडवे आणि ध्रुवपद, त्यानंतर एकाचा ब्रेक, पुन्हा कडवे, पुन्हा ध्रुवपद, दुसऱ्याचा ब्रेक, असे गोलातून फिरत जाते. ब्रेक कोणाला द्यायचा हे गाणे सांगणारा नजरेने किंवा मानेने ठरवतो. म्हणून आपण आपल्या बोटांत डोळे खुपसून बसलो तर ती नजर चुकते आणि रिकाम्या चार ओळी सगळ्यांच्या गळ्यात पडतात. नजर आपल्याकडे आली आणि वाजवायचे नसेल, तर हसून मान हलवावी किंवा शेजाऱ्याकडे हनुवटीने खूण करावी. यात कमीपणा काही नाही, पण हे लगेच करावे लागते. घ्यायचाच असेल तर नुसती धून, साधी, वाजवावी. मध्येच चुकले तर थांबून मागे जायचे नाही. ताल पुढे गेलेला असतो आणि तो धरून पुढच्या ओळीवर उडी मारायची असते.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम आवाजाचा आहे. गाणाऱ्याचे शब्द आपल्याला ऐकू येत नसतील तर आपण जोरात वाजवत आहोत, एवढी खूण पुरेशी आहे. मँडोलिनचा ब्रेक चालू असताना तर गिटारींनी जवळजवळ तारांना कुरवाळावे. बासवादक एका वेळी एकच असतो. दुसरा आला तर दोघे आळीपाळीने वाजवतात. बँजो तीन असतील तर गाण्याच्या मागे एकानेच बोटे फिरवायची आणि बाकीच्यांनी हलका ठेका धरायचा, असे समजदार बँजोवाले आपसांत ठरवतात. बेसमज बँजोवाल्यांवर इथे विनोदांचा एक वेगळा साठाच आहे. दोन गाण्यांच्या मध्ये काहीबाही छेडत बसणे हा छोटा वाटणारा पण मोठा अपराध आहे, कारण त्याच वेळी पुढच्या गाण्याची पट्टी सांगितली जात असते.

गाणे संपवायची खूण म्हणून पाय वर करतात. गाणे सांगणाऱ्याने एक पाय जमिनीपासून वीतभर उचलून गोलाच्या मध्ये धरला की हे शेवटचे ध्रुवपद. त्याची शेवटची ओळ बहुधा पुन्हा म्हटली जाते आणि सगळे एकदम थांबतात. कोणाकडे पाय करू नये या शिकवणीत वाढलेल्या माझ्यासारखीला ही खूण स्वतः करायला एक अख्खा हिवाळा लागला.

गायनाबद्दल थोडे सांगायला हवे. कडवे फक्त गाणे सांगणाऱ्याचे असते, सोबत गुणगुणायचे नसते. ध्रुवपदात सगळे गातात, पण आपल्या आरतीसारखे एका सुरात नव्हे. मुख्य चालीच्या वर एक ‘टेनर’ आणि खाली एक ‘बॅरिटोन’ अशा समांतर चाली असतात, आणि वरची चाल एकाच माणसाने धरलेली असली तरच ती सुईसारखी टोचरी आणि सुंदर लागते. पहिले काही महिने मुख्य चालच हळू आवाजात म्हणावी. बरीच गाणी ख्रिस्ती भक्तिगीते असतात. कोणी कोणाची श्रद्धा विचारत नाही, आणि गावेसे वाटले नाही तर नुसती साथ धरली तरी चालते.

आपली पाळी आली की

दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला कोणीतरी आपल्याकडे वळून ‘काय गाणार?’ असे विचारते. नुसते वाजवायचे असेल तर बहुतेक लोकधुनांच्या पट्ट्या ठरलेल्या असतात: ‘सोल्जर्स जॉय’ डी मध्ये, ‘क्रिपल क्रीक’ बहुतेक ठिकाणी ए मध्ये. गायचे असेल तर पट्टी गाणाऱ्याच्या गळ्याची, आणि ती घरूनच ठरवून यायची. मी हे न करता, रेकॉर्डवर जी आहे म्हणून जी सांगून बसले. मूळ गायक पुरुष होता, त्यामुळे कडव्याच्या खालच्या ओळी माझ्या गळ्यातून नुसत्या वाऱ्यासारख्या निघाल्या आणि दुसऱ्या कडव्यात मी थांबले. कोणी काही बोलले नाही. बासवाजवणाऱ्या आजोबांनी फक्त विचारले, ‘सी चालेल?’ आणि आम्ही पुन्हा सुरू केले. हार्मोनियमवर गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधून, दोन्ही आपल्या गळ्यात बसतील अशी पट्टी काढायला पाच मिनिटे लागतात. उत्तर काळी दोन आले तर मात्र अर्धा सूर खाली किंवा वर सरकून पांढरी धरावी. नवशिक्यांच्या जॅममध्ये काळी दोन ऐकून फिडलवाला हसून पाहतो आणि बाकीचे कॅपो शोधू लागतात.

गाणे तीन कॉर्ड्सचे, बेताच्या लयीचे आणि शब्द पाठ असलेले निवडावे. कागद समोर ठेवला तर नजर कागदात अडकते आणि ब्रेक वाटायचे राहून जाते. सुरू करण्यापूर्वी एक वाक्य पुरते: पट्टी सी, वन-फोर-फाइव्ह, ध्रुवपद फोरने सुरू होते, प्रास्ताविक फिडलने करावे. लय मनात मोजूनच ठरवावी, कारण घाबरलेल्या माणसाचा पाय नेहमी जास्त वेगाने पडतो आणि सुटलेला वेग नंतर कोणालाच आवरत नाही.

मधल्या सुट्टीत खाणे असते. चकली-चिवडा नेला तर संपतो हे खरे, पण तेलकट बोटे तारांना आणि दुसऱ्याच्या वाद्याला लागतात. मी शंकरपाळे नेते, आणि सोबत छोटा चमचा व कागदी पेले ठेवते. जागा बारची असेल तर काहीतरी विकत घ्यावे, चर्चची असेल तर दाराशी डबा असतो.

एक हिवाळा असा काढल्यावर फेब्रुवारीतल्या एखाद्या हॉटेलातल्या महोत्सवाला जाऊन पाहावे. मॅसॅच्युसेट्समध्ये जो व्हॅल या टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या मँडोलिनवादकाच्या नावाने असा महोत्सव भरतो आणि पश्चिमेला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू इथे ‘विंटरग्रास’. रंगमंचावरच्या कार्यक्रमांइतकीच मजा तिथे जिन्यांत, लॉबीत आणि खोल्यांबाहेरच्या बोळांत चाललेल्या जॅममध्ये असते. मात्र तिथे प्रत्येक गोल खुला नसतो. वादक खांद्याला खांदा लावून, पाठी बाहेर करून, फार वेगात वाजवत असतील तर वाद्य पेटीतच ठेवून ऐकावे. गोल सैल असेल आणि कोणी नजर देऊन जरा सरकले, तर गाणे संपेपर्यंत थांबून विचारावे आणि मगच बसावे.

निघताना तारा फडक्याने पुसाव्यात, कॅपो काढावा आणि कोट घालण्यापूर्वी वाद्य पेटीत ठेवून सगळ्या कड्या लावाव्यात, कारण निसरड्या पायऱ्यांवर पडताना माणूस आधी पेटी सोडतो. घरी पोचल्यावर स्पंज ओला आहे का एवढेच पाहायला पेटी उघडायची असेल, तर तीही सकाळी उघडावी.